मधुचंद्र आणि वाळूच्या बादल्या

रजेच्या अर्जात ‘रजेचे कारण’ असा एक रकाना होता आणि खात्यानं मान्य केलेली कारणं त्याच्याखाली बारीक अक्षरात छापलेली होती. आजारपण होतं. जवळच्या नातेवाइकाचं निधन होतं. न्यायालयात साक्ष होती, घराची दुरुस्ती होती, आणि कुत्रा चावल्यास वेगळी तरतूद होती. मधुचंद्र नव्हता. अग्निसुरक्षा निरीक्षक पेनचं टोपण दातात धरून बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसला.

“घराची दुरुस्ती लिहा,” हेडक्लार्क म्हणाले. “एका अर्थी खोटं नाही.”

त्यानं तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला, कारण दुरुस्तीचं अंदाजपत्रक जोडलेलं नव्हतं. मग हेडक्लार्क स्वतः मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी खुलासा केला. साहेब दार उघडं असताना हसले. चाळिशीला टेकेपर्यंत लग्न न करता निरीक्षकानं त्या मजल्यावर जो काही मान कमावला होता, तो चहाची वेळ व्हायच्या आत संपला.

रजा मात्र मिळाली.

निरीक्षक माणूस सरळ होता. कुठल्याही इमारतीत पाय ठेवला की त्याची नजर आधी बाहेर पडायच्या दाराकडे जायची, मग छताकडे, आणि सगळ्यात शेवटी यजमानाकडे. जिथे जाईल तिथे वाळूच्या बादल्या भरून ठेवायला लावतो म्हणून ऑफिसात त्याला बादलीसाहेब म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि त्यात त्याला फारसं वावगं वाटत नसे. बादली ही उपयोगाची वस्तू आहे, असं त्याचं मत होतं. स्वतःच्या लग्नात, ऐन मुहूर्ताआधी, हॉलच्या मागच्या दारासमोर लावलेला शोभेचा पडदा त्यानं काढायला लावला होता. फोटोग्राफर अजून त्याच्याशी बोलत नव्हता.

बायको फार्मासिस्ट होती. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाचं औषधांचं दुकान ती सांभाळायची. लग्न ठरण्याआधी ते दोघं एका कॉफीच्या दुकानात भेटले होते, तेव्हा तिनं सगळं स्वच्छ सांगून टाकलं होतं. त्या रुग्णालयाची एक शाखा निरीक्षकाच्या शहरात निघणार होती. तिथलं दुकान हवं असेल तर ते तिचं, नाहीतर दुसरं कोणी तयार होतंच.

“मी लग्नाला हो म्हणते आहे,” ती म्हणाली होती. “तुमच्या शहराला अजून हो म्हटलेलं नाही. तिथे माझं कोणी नाही, आणि इथलं दुकान मी शून्यातून उभं केलंय. आपण आधी चार दिवस एकत्र राहून बघू. मग मी आमच्या सरांना कळवीन.”

“आणि नाही म्हणालात तर?”

“तर सुट्टीला भेटू. कितीतरी जण तसे राहतात.”

निरीक्षकाला हा स्पष्टपणा इतका आवडला की त्यानं लगेच मान हलवली. घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण कशाला मान हलवली. सरांनी तिला मुदत दिली होती शनिवार सकाळची. लग्न लागताच ती आपल्या दुकानावर परत गेली होती, आणि रजा गुरुवारपासून होती. म्हणजे मधुचंद्र हा खरं तर परीक्षेचा काळ होता, आणि परीक्षार्थीला विषयाची ओळख नव्हती.

सल्ला मागायची गरज पडली नाही. तो आपोआप घरी येऊ लागला.

ताई सहकुटुंब आली. “मेणबत्त्या लाव,” ती म्हणाली. “मेणबत्तीच्या उजेडात माणूस बरा दिसतो.” मग तिनं भावाकडे नीट पाहिलं. “दोन-तीन लाव.”

“पाकळ्या,” भाऊजी म्हणाले. “गादीवर पाकळ्या. हॉटेलवाल्यांना सांगून ठेव.”

“तुम्हाला कसं माहीत?” ताईनं विचारलं.

“ऐकून,” भाऊजी म्हणाले, आणि परत जाईपर्यंत पुढे काही बोलले नाहीत.

समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त प्राध्यापक दारातच उभे राहून म्हणाले, की प्रणयाचं मर्म अनपेक्षिततेत आहे. रोज एक तरी गोष्ट अशी करा, जी तुमच्याकडून कोणी अपेक्षिलीच नसेल. उदाहरण विचारल्यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, “हिला विचारून सांगतो.” खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नावेत बसवायला सांगितलं. नावेत बायकोला उठून जाता येत नाही, हा त्यातला फायदा.

निरीक्षकानं या सगळ्यावर पद्धतशीर विचार केला. पाकळ्या आणि नाव हॉटेलवर अवलंबून होत्या. मेणबत्तीची मात्र तालीम करता येण्यासारखी होती. रविवारी दुपारी त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्टीलची ताटली ठेवली, ताटलीत मेणबत्ती उभी केली, पडदा बांधून टाकला, ओला टॉवेल खांद्यावर घेतला, बादली पायाशी ठेवली आणि काडी ओढली. मग खुर्चीत बसून तो ज्योतीकडे बघून स्मित करू लागला.

वडील पेपर घेऊन आत आले. त्यांनी मेणबत्तीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

“वीज गेली का?”

“नाही बाबा. सराव करतोय.”

वडील समोर बसले. पेपर उघडला, पण वाचला नाही.

“तुम्ही आणि आई कुठे गेला होतात?” निरीक्षकानं विचारलं. विषय निघालाच होता.

“कुठे नाही. तुझ्या आत्याची परीक्षा होती. घर भरलेलं.” वडिलांनी पेपरची घडी केली. “एकदा तुझ्या आईनं गच्चीत गादी टाकली होती. डास फार होते. रात्रभर आम्ही डासच मारत होतो. मग खाली आलो.” त्यांनी घडीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. “चांगली होती ती गादी,” ते म्हणाले, आणि उठून बाहेरच्या खोलीत गेले. निरीक्षकानं मेणबत्ती विझवली. तालीम तेवढ्यावर आटोपली.

आता हॉटेलचं. हेडक्लार्कच्या मनाला अर्जाचं प्रकरण लागलं होतं, आणि भरपाई म्हणून खोली ठरवायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. तळ्याकाठी एक हॉटेल होतं, नवविवाहितांसाठी नावाजलेलं. हेडक्लार्कनी फोन लावला. त्यांची सगळी नोकरी फोनवर एकाच आवाजात गेली होती, आणि दुसरा आवाज त्यांच्याजवळ नव्हता.

“अग्निसुरक्षा विभागातून बोलतोय,” ते म्हणाले. “आमचे निरीक्षक गुरुवारी आपल्याकडे येताहेत. व्यवस्था चोख असावी. तक्रार येता कामा नये.” फोन ठेवून ते समाधानानं म्हणाले, “झालं. माणूस उभा राहून बोलत होता, आवाजावरून कळतं.”

गुरुवारी दुपारी नवरा-बायको हॉटेलवर पोचले, तेव्हा मॅनेजर पायरीवर उभा होता. त्याच्या मागे सगळे कर्मचारी गळ्यात ओळखपत्रं घालून रांगेत होते. “वा,” बायको म्हणाली. निरीक्षकाला बरं वाटलं. त्यानं मॅनेजरशी हात मिळवला आणि सवयीनं विचारलं, “मागचा जिना कुठे आहे?”

मॅनेजरच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातलं रक्त उतरलं.

खोली पहिल्या मजल्यावर होती. वाटेत भिंतीवर अग्निशामक नळकांडं टांगलेलं होतं. निरीक्षकाचं मन त्या वेळी पूर्णपणे बायकोत होतं, हे इथे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. पण हाताला मन नसतं. हात नळकांड्याकडे गेला, अंगठा दाब दाखवणाऱ्या काट्यावरून फिरला, आणि तोंडातून आवाज निघाला, “हं.”

एवढंच. शब्दही नव्हता तो.

खोलीत मात्र सगळं भाऊजींच्या सांगण्यासारखं होतं. गादीवर पाकळ्या, खिडकीला गुलाबी झिरझिरीत पडदे, टेबलावर सुगंधी मेणबत्त्या. “आवडलं का?” त्यानं विचारलं. “छान आहे,” ती म्हणाली. मग चहा घेऊन ती दोघं तळ्याकाठी फिरायला गेली. तिनं त्याला तिच्या दुकानातल्या एका आजोबांबद्दल सांगितलं, जे रोज एकच गोळी विकत घ्यायला येत, कारण घरी कोणी बोलायला नव्हतं. तो ऐकत होता आणि मधूनमधून विचारत होता, “तळं आवडलं का? वारा जास्त नाही ना?”

परत आले तर खोली उघडी-वाघडी झालेली. पाकळ्या झाडून नेलेल्या. पडदे उतरवलेले. मेणबत्त्यांच्या जागी विजेरी. पलंग विजेच्या बटणांपासून दूर, खोलीच्या मधोमध ओढलेला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक नवंकोरं लाल नळकांडं. उशाशी वाळूच्या बादल्या.

बायको थोडा वेळ दारातच उभी राहिली. “हे पॅकेजमध्ये असतं का?”

निरीक्षक तडक खाली गेला. मॅनेजर त्याच्या आधीच उभा होता.

“हे काय केलंत?”

“साहेब, सुकलेल्या पाकळ्या म्हणजे ज्वलनशील पदार्थ. पडदे तर विचारूच नका. आमच्या लक्षात आणून दिलंत, उपकार झाले.”

“मी काही लक्षात आणून दिलेलं नाही. मी इथे मधुचंद्राला आलोय.”

“हो साहेब,” मॅनेजर अदबीनं म्हणाला. “याआधीचे साहेब मासे पकडायला आले होते.”

“माझी बायको आहे बरोबर.”

“त्यांचा गळ होता.”

रजेवर असल्याचा पुरावा मागितला असता तर तो देता आला असता. पण मॅनेजर काही मागतच नव्हता. तो सगळं कबूल करत होता, आणि कबूल करणाऱ्या माणसाला पटवणार कसं? पडदे परत लावा म्हणून सांगितलं तर मॅनेजर डोळे मिचकावल्यासारखं करून म्हणाला, “समजलो साहेब. मी काही त्यात फसणार नाही.”

संध्याकाळचं जेवण तळ्याकाठच्या व्हरांड्यात, मेणबत्तीच्या उजेडात, अशी त्या हॉटेलची ख्याती होती. ही जोडी व्हरांड्यात शिरली मात्र, वेटर टेबलाटेबलावर फिरून मेणबत्त्या विझवू लागले आणि छतावरच्या ट्यूबलाइट लागल्या. नवविवाहित माणसं एकमेकांना एकदम दिसली. काहींना ते जड गेलं असावं. शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं होतं. नवरा गिटार वाजवून बायकोला काहीतरी ऐकवत होता आणि दर कडव्यानंतर तिला चमच्यानं सूप भरवत होता. त्यानं गिटार थांबवून निरीक्षकाकडे असं पाहिलं, की निरीक्षकानं मेनूकार्ड उभं धरलं.

“तुम्हाला ओळखतात का हे लोक?” बायकोनं विचारलं.

त्यानं खरं ते सांगितलं. हेडक्लार्क, फोन, नळकांडं, ‘हं’, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या ओठाचा कोपरा थोडासा हलला असं त्याला वाटलं, पण ट्यूबलाइट लुकलुकत होती, त्यामुळे खात्री देता येत नव्हती.

“मग आपण दुसरं हॉटेल बघायचं का?”

“नको नको, मी सगळं नीट करतो,” तो म्हणाला. “सूप आवडलं का?”

शुक्रवारी निरीक्षकानं प्राध्यापकांचा सल्ला अमलात आणला. अनपेक्षित गोष्ट. बायको उठायच्या आत खाली जायचं, स्वतः चहा-नाश्त्याचा ट्रे घ्यायचा आणि तिच्यासमोर ठेवायचा. यात काही चुकण्यासारखं आहे असं कोणालाही वाटलं नसतं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि त्याच्या मते मोकळेपणानं हसून म्हणाला, “काय चाललंय?”

मुख्य स्वयंपाक्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि हात लांब करून गॅसचा मुख्य कॉक बंद केला. बाकीच्यांनी शेगड्यांपासून दोन पावलं मागे घेतली.

“अहो, चालू द्या. मला फक्त ट्रे पाहिजे.”

“आधी तुम्ही बघून घ्या साहेब. मगच पेटवू.”

तो निघून गेल्यावर ते पेटवतील, या समजुतीनं तो निघून गेला. तो परत येईल, या भीतीनं त्यांनी पेटवलं नाही. त्या दिवशी सगळ्या हॉटेलला ब्रेड आणि गार दूध मिळालं. बायकोला ट्रे मिळाला, त्यावर ब्रेड, गार दूध आणि जॅमची चिमुकली पाकिटं. ती एक पाकीट उलटं करून मागचं काहीतरी वाचत होती. त्यानं पाहिलं तसं तिनं ते झटकन सुलटं ठेवलं.

“काय झालं?”

“काही नाही. बहिणीनं बजावलंय मला,” ती म्हणाली, पण काय बजावलंय ते सांगितलं नाही.

दुपारी नाव. खालच्या काकूंच्या कल्पनेतल्या नावेत दोघंच होती. या नावेत नाविक होता, दोघांच्या अंगात मानेपर्यंत येणारी नारिंगी जॅकेटं होती, आणि मागून एक दुसरी नाव येत होती, तिच्यात मॅनेजर आणि दोन माणसं दोर घेऊन उभी होती. निरीक्षकानं बायकोचा हात धरायचा प्रयत्न केला. जॅकेटमुळे हात पोचेना. त्यानं थोडं पुढे वाकून पाहिलं, तशी मागच्या नावेतून दोर भिरभिरत आला आणि त्याच्या मांडीवर पडला.

“घाबरू नका साहेब,” मॅनेजर ओरडला. “धरा घट्ट.”

काठावर गिटारवाला आणि त्याची बायको हे पाहत होती. बघता बघता आणखी जोडपी जमली. निरीक्षकानं दोर हातात धरला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला कळेना. त्याच्या नोकरीत त्यानं माणसांना आगीतून खांद्यावर घेऊन उतरवलं होतं. त्याला आजवर कोणी दोरीनं काठावर ओढत आणलं नव्हतं.

“आवडलं का?” उतरल्यावर त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

“जॅकेट घट्ट होतं,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, “तुम्ही मला दिवसभर हेच विचारताय.”

त्या संध्याकाळी ती फारशी बोलली नाही. विजेरीच्या उजेडात पुस्तक वाचत बसली. पडदा नसलेल्या खिडकीच्या काचेत निरीक्षकाला स्वतःचं आणि दोन नळकांड्यांचं प्रतिबिंब दिसत होतं. उद्या शनिवार. सुट्टीला भेटू, असं ती म्हणाली होती, आणि सुट्टीला भेटणं म्हणजे काय याचा हिशेब त्याला मांडवेना. त्यानं एक वाक्य तयार केलं. ‘तिकडे या, मला बरं वाटेल.’ साधं होतं, पण निरनिराळ्या जागी जोर देऊन पाहिल्यावर ते त्याला कधी उपकार मागितल्यासारखं वाटे, कधी नोटीस बजावल्यासारखं.

सकाळी तिनं फोन हातात घेतला. “सरांना लावते,” ती म्हणाली.

“त्याआधी,” निरीक्षक म्हणाला, आणि उभा राहिला. “मला एक...”

भोंगा वाजला.

आगीचा भोंगा साधा नसतो. तो दातांत ऐकू येतो. निरीक्षकाच्या तोंडातलं वाक्य गेलं कुठल्या कुठे. त्यानं दारावर हाताचा मागचा भाग टेकवला, दार गरम नव्हतं, उघडलं. धूर नव्हता. पण धूर नसणं ही काही खात्री नव्हे.

“डावीकडचे दरवाजे माझे, उजवीकडचे तुमचे,” तो म्हणाला. “मुठीनं ठोका. लिफ्ट नाही. सामान नाही. मागच्या जिन्यानं खाली.”

“अंघोळीत असतील तर?”

“तसेच.”

ती गेली. त्यानं ठोकलेल्या दारांतून एक गृहस्थ अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन आले, एक बाई तोंडाला हिरवा लेप लावून आली, एक जोडपं एकाच चादरीत आलं आणि चादर कोणाची यावरून त्यांचं चाललेलं होतं. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडून बायकोचा आवाज येत होता. तो त्यानं या आधी ऐकलेला नव्हता. औषधाच्या खिडकीपाशी गर्दी हटवताना वापरायचा तो आवाज असावा. “चपला राहू द्या. फोन राहू द्या. ताई, तुम्ही माझा हात धरा, वर बघू नका, पायरी बघा.”

सगळी वरात मागच्या जिन्यानं खाली आली आणि खालच्या दाराशी थटली. दार उघडेना. निरीक्षक गर्दीतून वाट काढत पुढे गेला, त्यानं खांदा लावला, दार चार बोटं सरकलं. फटीतून गुलाबी पडदा डोकावत होता.

गेल्या दोन दिवसांत त्याच्या भीतीनं खोल्याखोल्यांतून उतरवलेलं सगळं काही मॅनेजरनं मागच्या दाराबाहेर रचून ठेवलं होतं. पडदे, गाद्यांवरच्या मखमली चादरी, वेताच्या टोपल्या, मेणबत्त्यांची खोकी, सुकलेल्या पाकळ्यांची पोती. त्या इमारतीत जळण्यासारखं जे जे होतं, ते आता बाहेर पडायच्या वाटेवर होतं. निरीक्षकानं कितीतरी इमारती तपासल्या होत्या. आपल्याच तपासणीनं अडलेलं दार त्यानं पहिल्यांदा पाहिलं. त्यात ही तपासणी त्यानं केलेलीही नव्हती.

त्यानं हात फटीतून घालून एक पडदा ओढला आणि मागे न बघता मागे दिला. तो कोणीतरी घेतला. ती होती. तिनं तो हिरव्या लेपवाल्या बाईला दिला, बाईनं फेसवाल्याला, आणि बघता बघता जिनाभर नवविवाहितांची साखळी झाली. फट रुंदावत गेली तशी पडदे, मग टोपल्या, खोकी हातोहात वर जाऊ लागली. एक पोतं फुटलं आणि सगळ्यांच्या डोक्यावर पाकळ्या पडल्या. कोणी त्याची दखल घेतली नाही. “अजून एक,” तो म्हणायचा, आणि तिचे हात तिथे असायचे. दार उघडलं.

बाहेर हिरवळीवर मॅनेजर हातात घड्याळ घेऊन उभा होता. चेहरा उजळलेला.

“कशी झाली साहेब? रंगीत तालीम. कोणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालासुद्धा. म्हटलं, अनपेक्षित असावी.”

निरीक्षकाच्या भुवईवर एक पाकळी चिकटली होती. ती काढून त्यानं खिशात ठेवली, कारण हिरवळीवर टाकणं बरं दिसलं नसतं.

पाहुण्यांचा राग मात्र मॅनेजरवर निघाला नाही. तो गिटारवाल्यावर निघाला. भोंगा वाजताच तो सगळ्यांच्या आधी, पुढच्या दारानं, गिटार छातीशी धरून बाहेर पळाला होता आणि एका झाडाखाली उभा होता. त्याची बायको मागच्या जिन्यानं, निरीक्षकाच्या बायकोचा हात धरून, अनवाणी आली होती, आणि तिचा गुडघा खरचटला होता.

“लागलं का तुला?” त्यानं विचारलं.

“गिटार कशी आहे?” ती म्हणाली. मग ती हिरव्या लेपवाल्या बाईजवळ जाऊन बसली, आणि त्या बाईनं पतीपरायणतेविषयी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली.

निरीक्षकाच्या बायकोनं प्रथमोपचाराची पेटी मागवली. पेटी उघडली. एक बाटली उचलली, उलटी केली. दुसरी उचलली, उलटी केली. मलमाची ट्यूब उजेडात धरली.

“हं,” ती म्हणाली.

मॅनेजरनं डोळे मिटले.

“हे डोळ्यांचं औषध कुणाच्या डोळ्यांत घातलंत का?” तिनं विचारलं. “नाही? नशीब त्यांचं. ही पेटी तुम्ही दिवाणखान्यात शोभेला ठेवा. मला उकळून गार केलेलं पाणी द्या आणि स्वच्छ फडकं. आणि त्या जॅमचं सुद्धा बघा, मी कालपासून गप्प आहे.” मग तिनं गुडघा पुसता पुसता नवऱ्याकडे पाहिलं. “बहिणीनं बजावलं होतं, मधुचंद्रात कशाच्याही पाठीवरची तारीख वाचायची नाही. माणसं घाबरतात.”

“मला नळकांड्यांना हात लावायचा नव्हता,” निरीक्षक म्हणाला.

“ते दिसलंच.”

गुडघ्याला फडकं बांधून झालं. मॅनेजर पाणी घेऊन, मग चहा घेऊन, मग पुन्हा पाणी घेऊन येत राहिला. शेवटी ती दोघं तळ्याकडच्या बाकावर गेली आणि तिनं फोन लावला. निरीक्षक शिष्टाचार म्हणून जरा दूर उभा राहिला, पण वारा त्याच्याच बाजूला होता.

“नमस्कार सर. उशीर झाला. नाही, ठीक आहे सगळं. सर, तिकडची शाखा मी घेते.” मग ती पलीकडचं ऐकत राहिली. “नाही, त्यांनी मन वगैरे काही वळवलेलं नाही. ते काहीतरी सांगणार होते, पण भोंगा वाजला. हो सर, भोंगा. सांगते नंतर.”

तिनं फोन पर्समध्ये ठेवला. निरीक्षक जवळ आला. त्याला खूप काही विचारायचं होतं, आणि त्यातलं बहुतेक ‘का’ नं सुरू होत होतं.

“तुम्ही मला उजवीकडचे दरवाजे दिलेत,” ती म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला कळलेलं नाही हे ओळखून तिनं पुढे सांगितलं. “गुरुवारपासून मी पाहुणी होते हो. हे आवडलं का, ते आवडलं का. मला वाटलं, याच्या घरी मी जन्मभर सोफ्यावर बसून राहणार आणि हा मला ट्रे आणून देणार. आज पहिल्यांदा तुम्ही मला काही काम सांगितलंत. विचारलं सुद्धा नाहीत.”

“तुम्ही आधीच निघाला होतात.”

“निघाले होते,” ती म्हणाली.

तळ्यावर कालची नाव रिकामी डुलत होती. हिरवळीवरून गिटारवाल्याचे माफीचे शब्द येत होते, त्यांना चाल नव्हती.

“मी एक वाक्य तयार केलं होतं,” निरीक्षक म्हणाला.

“मोठं आहे?”

“नाही.”

“मग बसमध्ये सांगा. उरलेली रजा इथे घालवायची नाही. मला तुमचं घर बघायचंय, सामान कुठे लागेल ते ठरवायचंय. बाबांना आधी कळवा, नाहीतर तेही घाबरतील.”

ती दोघं खोलीत गेली. आवरायला फार काही नव्हतं. खोलीत मुळात काही उरलंच नव्हतं. तिनं दोन्ही बॅगा एकेक करून उचलून पाहिल्या, तोलल्या, आणि आपली त्याच्यासमोर सरकवली.

“ही जड आहे,” ती म्हणाली. “ही तुम्ही घ्या.”